ब्रिटिश विनोदातली देवळाली

इंग्रजी शब्दकोशांत ‘डुलाली’ असा एक शब्द सापडतो. ज्याचे डोके ठिकाणावर नाही, जो भ्रमिष्टासारखा वागतो, त्याला ब्रिटनमध्ये हे विशेषण लावतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. पण देवळालीचे नाव ब्रिटिशांच्या घराघरांत पोहोचवले ते एका दूरचित्रवाणी मालिकेने. ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ ही बीबीसीची विनोदी मालिका ३ जानेवारी १९७४ रोजी सुरू झाली आणि ३ सप्टेंबर १९८१ रोजी संपली. आठ पर्वांत मिळून तिचे ५६ भाग झाले. कथेचे स्थळ होते देवळालीची लष्करी छावणी आणि काळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांचा, म्हणजे १९४५ चा.

जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या जोडीने ही मालिका लिहिली. यांपैकी क्रॉफ्ट यांनी पुढे १९९५ साली रिचर्ड स्पेंडलव्ह यांच्यासोबत ‘ओ, डॉक्टर बीचिंग!’ ही इंग्लंडमधल्या एका खेडेगावच्या रेल्वे स्थानकावरची मालिका लिहिली. वरवर पाहता या दोन मालिकांचा एकमेकींशी संबंध नाही. एक घाटमाथ्यावरच्या छावणीची, दुसरी वाफेच्या इंजिनांच्या आडमार्गावरच्या स्थानकाची. तरीही दोन्हींचा पाया एकच आहे. ज्यांचा काळ संपला आहे आणि ज्यांना ते अजून पुरते उमगलेले नाही, अशा माणसांची ही गंमत आहे. देवळालीच्या बाबतीत मात्र तिथे आणखी काही माणसे होती. त्यांच्याकडे या विनोदाने कसे पाहिले, हा प्रश्न नाशिकच्या वाचकाने विचारायला हवा.

छावणी आणि आगगाडी

देवळालीची छावणी रेल्वेमुळे वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गेली. कसाऱ्याच्या पुढचा थळ घाट चढून याच कंपनीचे रूळ १८६५ साली इगतपुरीला पोहोचले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवण्यात आली होती. त्यांना विलायतेहून आणणे, ठेवणे आणि मुदत संपली की परत पाठवणे, हा एक मोठाच व्यवहार होऊन बसला. त्यासाठी मुंबई बंदराशी लोहमार्गाने जोडलेली, पण मुंबईच्या दमट हवेपासून दूर अशी जागा हवी होती. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरची, कोरड्या हवेची देवळाली त्या हेतूला सोयीची ठरली.

येथील छावणी मुख्यतः ये-जा करणाऱ्या सैनिकांसाठी होती. बोटीतून मुंबईत उतरलेल्या पलटणी आगगाडीने देवळालीला येत. येथे त्यांची विभागणी होई आणि मग त्यांना देशभरातल्या ठाण्यांवर धाडले जाई. उलट दिशेनेही हाच प्रवास होता. ज्यांची नोकरीची मुदत भरली, ते आपापल्या पलटणीतून निघून देवळालीला येत आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत.

या वाट पाहण्यातच सगळी मेख होती. सैनिकांची वाहतूक करणाऱ्या बोटी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या काळातच सुटत. ज्याची मुदत शेवटची बोट गेल्यावर संपली, त्याला सगळा उन्हाळा आणि पावसाळा छावणीत काढावा लागे. त्याच्याकडे ना काम होते, ना जबाबदारी. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली माणसे येथे रिकामपणाने बिघडत. दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग आणि मग तुरुंग, अशी अनेकांची उतरंड होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात सैनिक म्हणून राहिलेल्या फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात देवळालीच्या या रखडपट्टीचे वर्णन केले आहे. नोकरीत एकही डाग न लागलेले सैनिक घरी जाण्याच्या उंबरठ्यावर येथे कसे वाया जात, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

ताप, डोक्याचा

यातूनच ‘डुलाली टॅप’ हा शब्दप्रयोग सैनिकांच्या बोलीत रुळला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानीतला ‘तप’, अर्थात आपला ताप. देवळालीचा ताप चढला, म्हणजे माणसाचे डोके फिरले. काळाच्या ओघात ताप गळून पडला आणि नुसते ‘डुलाली’ उरले. मराठी माणसाला या शब्दाची घडण समजावून सांगावी लागत नाही. ‘डोक्याला ताप’ हा आपला रोजचा वाक्प्रचार आहे. गावाच्या नावावरून वेड सुचवण्याची रीतही आपल्याला नवी नाही. एखाद्याला येरवड्याला किंवा ठाण्याला पाठवायला हवे, असे म्हटले की अर्थ लगेच लागतो. फरक असा की येरवड्याला आणि ठाण्याला खरोखरीची मनोरुग्णालये आहेत. देवळालीला मात्र हा लौकिक लाभला तो रुग्णालयापेक्षा रिकाम्या दिवसांमुळे. पुढे या शब्दाची गंमत उलटीकडूनही झाली. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका बिअर उत्पादक कंपनीने आपले नावच ‘डुलाली’ ठेवले, आणि सैनिकांनी नेलेला शब्द महाराष्ट्रात परत आला.

छावणीतली नाटकमंडळी

जिमी पेरी यांचा जन्म १९२३ चा, लंडनचा. युद्धाच्या सुरुवातीला वयाने लहान असल्यामुळे ते गावोगावच्या स्वयंसेवक पथकांत, म्हणजे ‘होम गार्ड’मध्ये दाखल झाले. पुढे तोफखान्यात भरती होऊन ते हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात आले. देवळालीच्या तोफखाना केंद्रात सैनिकांच्या करमणुकीसाठी एक नाटकमंडळी होती. पेरी तीत सामील झाले. डेव्हिड क्रॉफ्ट यांचा जन्म १९२२ चा. त्यांचे आई-वडील दोघेही रंगभूमीवरचे कलावंत. क्रॉफ्टही तोफखान्यात शिरले आणि युद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात होते.

या दोघांची पहिली मोठी मालिका ‘डॅड्स आर्मी’ ही होती. १९६८ ते १९७७ या काळात ती चालली आणि ब्रिटनमधल्या सर्वाधिक लोकप्रिय विनोदी मालिकांत तिची गणना होते. तिच्यामागे पेरी यांचा होम गार्डचा अनुभव होता, तर ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’च्या मागे देवळालीचा. मालिकेचे नावच मुळी एका तरुण सैनिकाने आईला लिहिलेल्या पत्रासारखे आहे. ‘आई, इथे काय उकडतंय म्हणून सांगू!’ असा त्याचा भाव. या दोन्हींच्या पुढची ‘हाय-डी-हाय!’ (१९८०–८८) ही सुट्टीच्या छावणीवरची मालिकाही पेरी यांच्या अशाच एका नोकरीतून आली. स्वतः जगलेली जागा, तिच्यातली उतरंड आणि त्या उतरंडीत अडकलेली माणसे, ही या जोडीची पद्धत होती.

मालिकेत एक नाटकमंडळी आहे. तीतले सगळे गनर, म्हणजे तोफखान्यातले साधे शिपाई. शिक्षणाने आणि बोलीने ते एकमेकांपासून वेगळे. डॉन एस्टेल यांनी रंगवलेला ‘लॉफ्टी’ अंगाने अगदी ठेंगणा, पण त्याचा गाता गळा मोठा गोड. जॉन क्लेग यांनी केलेला ग्रॅहॅम विद्यापीठात शिकलेला, चष्मिष्ट आणि पियानो वाजवणारा. क्लेग स्वतः फाळणीपूर्व पंजाबातल्या मरीत जन्मलेले. मेल्विन हेज यांचा ‘ग्लोरिया’ ब्यूमाँट हा स्त्रीभूमिका करणारा नट. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर विंडसर डेव्हिस यांचा सार्जंट मेजर विल्यम्स. त्याच्या दृष्टीने नाचगाणी करणारा माणूस सैनिकच नव्हे. या मंडळींना जंगलात धाडून जपान्यांशी लढायला लावावे, ही त्याची एकमेव इच्छा. मंडळींचा सगळा खटाटोप मात्र देवळालीतच राहता यावे यासाठी. वरचे अधिकारी, कर्नल रेनल्ड्स (डोनाल्ड ह्यूलेट) आणि कॅप्टन ॲशवुड (मायकेल नोल्स), यांना नाटके पाहायची हौस आहे. लढाईची मुळीच नाही.

इतिहासाशी ताडून पाहिले तर यात एक विलक्षण उलटापालट दिसते. एकोणिसाव्या शतकातले गोरे सैनिक देवळालीतून निघता येत नाही म्हणून वेडावले. १९४५ मधली ही नाटकी मंडळी देवळालीतून निघावे लागू नये म्हणून वाटेल ते करायला तयार आहेत. दोन्हींच्या मधल्या काळात साम्राज्याला उतार लागला होता. युरोपातले युद्ध संपले होते, हिंदुस्थानातले राज्य जाणार हे दिसू लागले होते. अशा वेळी तंबूत बसून गाणी म्हणत राहणे हेच सैन्याचे काम उरले आहे, असे चित्र पेरी-क्रॉफ्ट उभे करतात. पुढच्या पर्वांत मंडळींना ब्रह्मदेशाच्या सीमेकडे हलवण्यात आले. पण प्रेक्षकांच्या मनात ठसली ती देवळालीच.

मालिकेची लोकप्रियता किती होती, याचा एक दाखला म्हणजे तिच्यातले गाणे. १९७५ च्या जून महिन्यात एस्टेल आणि डेव्हिस या दोघांनी आपापल्या पात्रांच्या आवाजात गायलेले ‘व्हिस्परिंग ग्रास’ हे जुने गीत ब्रिटनच्या ध्वनिमुद्रिका विक्रीच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. येथे एक गोष्ट सांगायला हवी. देवळालीचे हे सगळे चित्रण इंग्लंडमध्येच झाले. कलाकारांना येथे आणलेच गेले नाही.

स्त्रीवेष आणि हसू

सार्जंट मेजरच्या हशाचे हमखास लक्ष्य म्हणजे स्त्रीवेषातले पुरुष. ब्यूमाँटची वेशभूषा, त्याचे हातवारे आणि त्यावरचा सार्जंट मेजरचा तिरस्कार यांवर मालिकेचे कितीतरी प्रसंग चालतात. नाशिकच्या प्रेक्षकाला यात एक विसंगती जाणवेल. महाराष्ट्राच्या रंगभूमीवर पुरुषाने केलेली स्त्री ही त्याच काळात चेष्टेचा विषय नव्हती. बालगंधर्वांची वेशभूषा घरंदाज स्त्रियांनी अनुकरणीय मानली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. फाळक्यांचा चित्रपट व्यवसाय नाशकात रुजला तो याच वर्षांत. म्हणजे देवळालीच्या छावणीपासून काही मैलांवर स्त्रीभूमिकेची एक वेगळी, गंभीर परंपरा होती. तमाशातल्या नाच्याची म्हणून जी थट्टा होते, तिचा ब्यूमाँटशी संबंध जुळेल. पण एवढ्याने मराठी प्रेक्षकाची दृष्टी संपत नाही. मालिका लिहिणाऱ्यांना या शेजाराची खबर नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. छावणीच्या कुंपणाबाहेर त्यांची कथा जातच नाही.

रंगी राम कोण?

याच कुंपणापाशी मालिकेवरचा खरा आक्षेप उभा राहतो. मालिकेत तीन प्रमुख हिंदी पात्रे आहेत. रंगी राम हा साहेबांचा बेअरर, म्हणजे खिदमतगार. चहावाला मुहम्मद आणि पंखेवाला रमजान हे दुसरे दोघे. यांपैकी चहावाल्याची भूमिका ढाक्यात जन्मलेल्या दिनो शफीक यांनी आणि पंखेवाल्याची पाकिस्तानी वंशाच्या बाबर भट्टी यांनी केली. शफीक पुढे ‘माइंड युअर लँग्वेज’ (१९७७–७९) या मालिकेतही होते. तिच्यावरून आपल्याकडे १९९३ साली ‘जबान संभालके’ आली, ती अनेकांना आठवत असेल.

रंगी रामची भूमिका मात्र मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला सावळा रंग लावून केली. बेट्स १९२० साली झाशीत जन्मलेले. युद्धात ते गुरखा पलटणीत अधिकारी होते आणि उर्दू उत्तम बोलत. त्या काळी ब्रिटनमध्ये इतक्या मोठ्या भूमिकेसाठी अनुभवी हिंदी नट मिळत नव्हता, असे समर्थन केले जाते. बेट्स १९७८ च्या जानेवारीत वारले. त्यांची जागा दुसऱ्या कोणाला देण्यात आली नाही.

रंगी राम हे पात्र सरळ मूर्ख नाही. तो साहेबांपेक्षा चतुर आहे, दोन्ही बाजूंकडून आपला फायदा साधतो. भागाच्या शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून तो एखादी ‘जुनी हिंदू म्हण’ सांगतो. ती म्हण अर्थातच लेखकांनी रचलेली असते. गोऱ्यांविषयी बोलताना तो ‘आम्ही ब्रिटिश’ असे म्हणतो. मालिकेचे समर्थक यावरून असे म्हणतात की थट्टा ब्रिटिशांच्या अहंकाराची आहे, हिंदी माणसाची नव्हे. पायाला दोरी बांधून पंखा ओढणारा रमजान उर्दूत काहीबाही पुटपुटतो, आणि पुष्कळदा त्याचे बोलणे त्या सगळ्या गोंधळातले सर्वांत शहाणे असते, हेही खरे.

पण शहाणपण पुरेसे नाही. या तिघांनाही छावणीबाहेर घर नाही. बायको, मुले, शेत, देऊळ, मशीद काही नाही. ‘पंखेवाल्यांचे बंड’ अशा अर्थाच्या नावाचा एक भाग पहिल्याच पर्वात आहे. बंड हा शब्दही तेथे हसण्यासाठीच येतो. देवळालीत मराठी माणूस असेल, असे तर मालिकेत कोठे वाटतही नाही. खऱ्या देवळालीच्या छावणीला लागून भगूर आहे. विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म १८८३ साली तेथला. त्यांनी उभी केलेली ‘अभिनव भारत’ ही क्रांतिकारकांची संघटना १९०४ ची. नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी. त्या मंडळीत बालगंधर्व होते. गोरा अधिकारी आणि नाटक यांची भेट नाशकाच्या इतिहासात अशीही झाली आहे. पुढे १९३० साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. १९४५ च्या देवळालीभोवती असा तापलेला मुलूख होता. त्याची धग मालिकेला लागत नाही. तिला फक्त हवा गरम असल्याचे कळते.

ब्रिटिश विनोदकारांपैकी एक तर आपल्याच मातीतला होता. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर); बालपण पुण्यात गेले. बीबीसी नभोवाणीवर १९५१ ते १९६० दरम्यान गाजलेला ‘द गून शो’ त्यांनी लिहिला. पण १९६९ साली ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत त्यांनीही तोंडाला रंग फासून आशियाई कामगाराची भूमिका केली. रंगी राम हा अपवाद नव्हता, हे यावरून लक्षात येते. त्या काळच्या ब्रिटिश पडद्यावर हिंदी माणसाचे सोंग घेण्याची प्रथाच होती.

हॅटली स्थानकाची गोष्ट

क्रॉफ्ट यांनी हिंदुस्थान सोडून मायदेशातली संपणारी गोष्ट निवडली तेव्हा काय झाले, हे ‘ओ, डॉक्टर बीचिंग!’मध्ये दिसते. या नावातले डॉक्टर रिचर्ड बीचिंग खरे गृहस्थ होते. ब्रिटिश रेल्वे मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मार्च १९६३ मध्ये एक अहवाल सादर केला. तोट्यातले सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत या माणसाचे नाव आजही रागानेच घेतले जाते.

मालिकेतले हॅटली हे काल्पनिक स्थानक याच अहवालाच्या छायेत आहे. काळ १९६३ चा. जेफ्री हॉलंड यांचा स्टेशनमास्तर सेसिल पार्किन नव्याने बदलून येतो आणि पाहतो तर पोर्टर जॅक स्किनर (पॉल शेन) याची बायको मे ही आपली जुनी प्रेयसी! सू पोलार्ड तिकीट खिडकीवरची एथेल. स्टीफन लुईस यांचा सिग्नलमन हॅरी लॅम्बर्ट तर अफलातून आहे. गाड्या इतक्या थोड्या की सिग्नलच्या केबिनमध्ये तो भाजी विकतो, लोकांचे केस कापतो. खेड्यातल्या स्थानकाचे अर्थशास्त्र एका पात्रात आले.

या मालिकेचे सहलेखक स्पेंडलव्ह स्वतः तरुणपणी रेल्वेत होते. चाचणी भाग ऑगस्ट १९९५ मध्ये दाखवला गेला, मालिका १९९६ आणि १९९७ अशा दोन वर्षांत चालली, चाचणीसह एकंदर २० भाग झाले. तिसरे पर्व निघाले नाही. बाह्यचित्रण झाले ते सेव्हर्न व्हॅली रेल्वेवरच्या आर्ले स्थानकात. त्या मार्गावरची प्रवासी वाहतूक १९६३ साली थांबली होती. पुढे हौशी रेल्वेप्रेमींनी तो मार्ग विकत घेऊन पुन्हा वाफेची इंजिने धावती केली. म्हणजे ज्या मार्गावर गाडी बंद झाली होती, तो लोकांनी वाचवला आणि तिथेच बंद पडण्याच्या भीतीवरची मालिका झाली.

दोन्ही मालिकांची बेरीज-वजाबाकी करून पाहावी. देवळालीतला पार्किन नावाचा तरुण शिपाई आपला अनौरस मुलगा आहे, असे सार्जंट मेजर विल्यम्सला वाटते. म्हणून तो त्याच्यावर माया करतो. हॅटलीत पार्किन हा स्टेशनमास्तर आहे आणि मे हिची मुलगी ग्लोरिया आपलीच तर नाही ना, ही शंका त्याला छळते. पार्किन आणि ग्लोरिया ही दोन्ही नावे दोन्हींकडे आहेत. मधे वीस-बावीस वर्षे गेली, पण क्रॉफ्ट यांच्या विनोदाची यंत्रणा तीच राहिली. एक बंदिस्त जागा, तीत ठरलेली पायरी, वरून आदेश येण्याची धास्ती, आणि जुन्या गुपिताची उठाठेव.

वेगळेपण एवढेच की हॅटलीत सगळे एकाच बाजूचे आहेत. पोर्टरपासून स्टेशनमास्तरपर्यंत सर्वांची नोकरी जाणार आहे. म्हणून त्यांना हसताना त्यांच्याविषयी कणवही वाटते. आपल्याकडे हे दुःख समजायला अवघड नाही. जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी २०२० साली थांबली, तेव्हा तेथल्या गावांनी जे गमावले ते हॅटलीच्या लोकांना लगेच कळले असते. देवळालीतल्या तंबूत मात्र एका बाजूची माणसे घरी जाणार आहेत आणि दुसऱ्या बाजूची त्यांना चहा पाजत आहेत. छावणी उठल्यावर चहावाल्याचे काय होईल, हा प्रश्न मालिकेने कधी विचारला नाही. हाच प्रश्न हॅटलीत मात्र प्रत्येक पात्रासाठी विचारला जातो.

नंतर काय झाले

जिमी पेरी यांचे ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि त्याआधी सप्टेंबर २०११ मध्ये क्रॉफ्ट यांचे निधन झाले. देवळालीची ही मालिका आपल्या दोघांच्या कामातली सर्वांत विनोदी आहे, असे पेरी यांचे मत होते. ती पुन्हा दाखवली जात नाही, याची त्यांना खंत होती. बीबीसीने तिचे पुनर्प्रक्षेपण अनेक वर्षे टाळले आहे. वर्णद्वेष आणि समलिंगी पुरुषांची टिंगल, हे दोन आक्षेप तिच्यावर प्रामुख्याने घेतले गेले. त्या काळी माणसे तशीच बोलत असत, हा लेखकांचा बचाव. तो खराही असेल. पण पडद्यावर कोण बोलते आणि कोणाला बोलू दिले जात नाही, हे ठरवणारा काळ तो नव्हे, लेखकच.

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमध्येच आले. बीबीसी नभोवाणीवर १९९६ साली आणि दूरचित्रवाणीवर १९९८ पासून ‘गुडनेस ग्रेशस मी’ सुरू झाला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया या भारतीय वंशाच्या कलाकारांनी ब्रिटिशांच्या सवयींची तितकीच निर्दय आणि तितकीच मजेदार थट्टा केली. त्यात रंगवलेला चेहरा लागला नाही. विनोदाचा हक्क ज्याचा त्याच्याकडे गेला, की तो किती मोकळा होतो, हे त्या कार्यक्रमाने दाखवून दिले.

खरी देवळाली यातले काही न पाहता आपल्या वाटेने गेली. तोफखान्याशी असलेले तिचे नाते तुटले नाही. भारतीय सैन्याचे ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ येथे आहे, तोफखाना केंद्र नाशिक रोडला. पारशी समाजाची आरोग्यधामे आणि १९२५ साली सुरू झालेली बार्न्स शाळा हे तिचे दुसरे जुने अंग. रेल्वे स्थानकाचे महत्त्वही वेगळ्या कारणाने टिकले. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहूनच बिहारमधल्या दानापूरकडे निघाली. जेथून एके काळी वाट पाहून कंटाळलेले गोरे सैनिक मुंबईच्या बोटीकडे रवाना होत, तेथून या वेळी निघाला तो शेतमाल.

‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ आज पाहावी का? जरूर पाहावी. लिखाण सफाईचे आहे, नटसंच उत्तम आहे आणि साम्राज्याच्या पडत्या काळातल्या फजितीचे इतके मोकळे दर्शन ब्रिटिशांनी फार थोड्या वेळा घडवले आहे. पाहताना शेवटच्या नामावलीकडे मात्र लक्ष द्यावे. तेथे चहावाला ब्रिटनचे एक देशभक्तिपर गीत तल्लीन होऊन गाऊ लागतो, आणि पडद्यामागून सार्जंट मेजर ओरडून त्याला गप्प करतो. प्रत्येक भागातला तो शेवटचा विनोद. त्या चहावाल्याला गप्प केल्यावर जे सांगायचे राहिले, ते छावणीत चहा, धोबीकाम, भाजीपाला आणि दूध पुरवून जगलेल्या भगूर, देवळाली, लहवीत येथील घरांच्या आठवणींत असणार. त्यावरचे नाटक किंवा कादंबरी इंग्लंडमधून येणार नाही. ती लिहिली तर नाशिकच्याच कोणी मराठी लेखकाने लिहायला हवी, आणि तीत हसूही असायला हरकत नाही.